फुकटचे हिरे काढण्याची कार्यपद्धती

विषय: मोबाइलवरील प्राणिसंग्रहालयाच्या खेळात बक्षिसाचे कोड शोधणे व ते वटवणे.

एकतीस वर्षं जिल्हा कोषागारात देयकं तपासली. कोणाचे पैसे अडवायचे झाले तर ते कोणत्या कलमाखाली, हे मला झोपेतही सांगता येतं. पण दुसऱ्याच्या तिजोरीतून पैसे सोडवून आणायची वेळ कधी आली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात नातीने मोबाइल माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, ‘‘आबा, रेड पांडाला हिरे कमी पडतायत. कुठूनतरी कोड शोधा ना!’’ काम योग्य टेबलावर आलं आहे, हे मी लगेच ओळखलं. त्याच दिवशी दोनशे पानी वही आणून समास आखला.

खेळाचं नाव इथे देत नाही. असे खेळ बरेच आहेत आणि कारभार सगळ्यांचा सारखाच. कुंपण घालायचं, प्राणी आणायचे, चारापाणी बघायचं. प्रेक्षक येतात आणि नाणी टाकून जातात. नाण्यांवर ससे, शेळ्या, फार तर एखादं गाढव येतं. देखणा प्राणी हवा असेल तर हिरे लागतात. नाणी तुम्ही झोपलात तरी साठतात. हिरे मात्र थेंबथेंब मिळतात, नाहीतर खरे रुपये मोजून घ्यावे लागतात. खेळ फुकट ठेवणं कंपनीला परवडतं ते यामुळेच. कोड म्हणजे याच हिऱ्यांचा अधूनमधून सुटणारा शिधा.

पूर्वी हा व्यवहार साधा होता. २००१ साली संगणकावर ‘झू टायकून’ नावाचा खेळ आला. त्यात शिफ्टचं बटण धरून चारचा आकडा दाबला, की खात्यात दहा हजार डॉलर जमा. ना अर्ज, ना मंजुरी. मात्र त्याच क्षणी बागेतली कुंपणं मोडकळीला येत. अनुदान घ्या, दुरुस्ती स्वखर्चाने करा, हे तत्त्व इतक्या स्वच्छपणे अमलात आणलेलं मी सरकारातही पाहिलेलं नाही. पिंजऱ्याला ‘झानाडू’ असं नाव दिलं की युनिकॉर्न विकत घ्यायची सोय होई. ही सगळी गुपितं खेळाच्या पोटात होती आणि करणाऱ्यांनीच गंमत म्हणून ठेवलेली होती. आता कोड पोटात नसतो, तो बाहेर वाटला जातो: कंपनीच्या फेसबुक पानावर, इन्स्टाग्रामवर, डिस्कॉर्डवर. इस्टर, हॅलोविन, नाताळ, खेळाचा वाढदिवस आणि पाठीराख्यांची संख्या एखाद्या गोल आकड्याला पोचणं, हे त्याचे मुख्य मुहूर्त. पाठीराखे वाढले की कोड, आणि कोडसाठी पुन्हा पाठीराखे. मी स्वतः यापायी तीन ठिकाणी पाठीराखा झालो आहे. आयुष्यात कोणत्या पुढाऱ्याचा झालो नव्हतो.

अर्जदार सहसा मूळ जागी न जाता ‘सर्व चालू कोड’ अशा मथळ्याच्या याद्यांकडे धावतो. याद्यांची पहिली खूण अशी, की मथळ्यात चालू महिना असतो आणि खाली दोन वर्षांपूर्वीचे कोड असतात. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे जमिनीचा ताबा आहे, असं नसतं. मी एका यादीतले बावीस कोड क्रमवार नोंदवून एकेक टाकून पाहिले. बावीसच्या बावीस नामंजूर. तेव्हापासून वहीत ‘मूळ स्रोत’ असा वेगळा रकाना केला आहे आणि तो रिकामा असेल तर देयक मी हातातही घेत नाही.

आता प्रत्यक्ष भरणा. खेळाच्या सेटिंगमध्ये, दातेरी चक्राच्या आड, कोड टाकायची चौकट असते. चौकट नसेल तर घाबरू नये. आमच्या जावयांचा फोन ॲपलचा. त्यात ती सापडेना. दोन दिवस मी त्यांच्या फोनवर संशय घेतला. मग कळलं, की ॲपने स्वतःच्या किल्ल्या वाटून आतला माल उघडून देऊ नये असा ॲपलचा नियमच आहे. म्हणून बरेच खेळ तिथली चौकट काढून टाकतात आणि कोड वटवायला वेगळी वेबसाइट ठेवतात. तिथे आपला खेळाडू क्रमांक द्यावा लागतो. तो लांबलचक असतो. हाताने उतरवून घेऊ नये; शेजारी नकलेचं चिन्ह असतं, ते दाबावं. मी उतरवून घेतला होता. एक आकडा चुकला. माझे पंधरा हिरे जगात कोणाला तरी मिळाले असतील, त्यांनी ते जपून वापरावेत.

कोड नाकारला जातो तेव्हा शेरा नीट वाचावा. नवशिके इथेच हार मानतात. ‘मुदत संपली’ म्हणजे कोड खरा होता, तुम्ही उशिरा आलात. ‘आधीच वापरला’ म्हणजे घरात तुमच्याआधी कोणीतरी उठलं होतं. एका खात्याला एक कोड एकदाच चालतो. ‘अवैध’ या शेऱ्याचा अर्थ मात्र काहीही होऊ शकतो आणि माझं निम्मं संशोधन त्याच्यावरच खर्च झालं. कधी मोठी लिपी आणि छोटी लिपी यांत फरक केलेला असतो. कधी नक्कल करताना शेवटी एक मोकळी जागा चिकटून येते, ती डोळ्यांना दिसत नाही. कधी ॲपच जुनं असतं, ते अद्ययावत करावं लागतं. आणि सर्वांत जुना शत्रू म्हणजे ओ आणि शून्य. मोठा आय, छोटा एल आणि एकचा आकडा हे त्रिकूटही तसलंच. ओळख परेडमध्ये उभं केलं तर साक्षीदार फितूर होईल. आमच्याकडे हा निवाडा हिच्याकडे आहे. चाळीस वर्षं तांदळातले खडे निवडलेली नजर. ‘‘अहो, हे शून्य आहे, जरा निमुळतं नाही का?’’ म्हणते, आणि असतंच.

कोड मंजूर झाला तरी हिरे लगेच खात्यात दिसतील असं नाही. बऱ्याचदा ते खेळातल्या टपालपेटीत येऊन पडतात आणि तिथे ‘स्वीकारा’वर बोट टेकवावं लागतं. टपालालाही मुदत असते. पोच न दिल्यास रक्कम बुडीत.

‘अमर्याद हिरे, जनरेटर’ अशी पाटी दिसली तर तिथून उठून यावं. हिऱ्यांचा हिशेब बहुतेक खेळांत फोनमध्ये नसतो, कंपनीच्या सर्व्हरवर असतो. त्रयस्थाला तिथे भर घालता येत नाही. तो तुमच्याकडून फक्त ‘पडताळणी’ करून घेतो: दोन ॲप उतरवा, प्रश्नावली भरा, मोबाइल नंबर द्या, आलेला ओटीपी सांगा. ओटीपी सांगून बसला असाल तर आधी बँकेला आणि १९३० ला फोन, मग आमच्या वहीत नोंद.

राहिला वेळेचा प्रश्न. आमच्या खेळाची कंपनी जर्मनीतली. कोड ‘आज रात्री बारापर्यंत’ असं ती लिहिते तेव्हा रात्र जर्मनीची असते. उन्हाळ्यात त्यांचे बारा म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन. मी सव्वातीनचा गजर लावून उठतो, चष्मा पुसतो, हिला हाक मारतो. एकदा दिवा बघून खालून वॉचमनने विचारलं, ‘‘काका, पाणी आलं का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही, हिरे.’’ त्यानंतर तो मला जरा जपूनच नमस्कार करतो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतली घड्याळं एक तास मागे जातात आणि मुदत आपल्याकडे साडेचारला संपते. आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं तेही साडेचारलाच. त्यामुळे हिवाळी कोडसाठी घरात किमान दोन जागी माणसं हवीत, आणि शून्य ओळखणाऱ्या माणसाला बादलीवर बसवू नये.