पगार निघाला आहे, वाटेत आहे

महिना उलटला की छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो : "झाला का?" काय झाला, हे कुणी विचारत नाही. उत्तरेही दोन-तीनच आहेत. निधी आला नाही. निधी वाटपाची बीडीएस प्रणाली बंद आहे. सर्व्हर डाउन आहे. या तिन्ही कारणांचा गुण असा की ती कुणाचीच चूक नसतात.

पगाराचा मार्ग शिक्षकांना तोंडपाठ झाला आहे, विद्यार्थ्यांना पाढे होतात त्याहून पक्का. मुख्याध्यापकांनी शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत बिल तयार करून पुढे ढकलायचे. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाने ते तपासायचे. औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेने सगळ्या तालुक्यांची बिले एकत्र करायची. सोयगावचे एक बिल अडले की पैठणनेही थांबायचे, कारण समता हे घटनेतले मूल्य आहे. मग कोषागार, मग बँक. पगार एक तारखेलाच करावा, असे आदेश अधूनमधून निघतात आणि ते आदेश मात्र वेळेवर निघतात. गृहकर्जाच्या हप्त्याला यातले कुठलेच टेबल लागत नाही. तो थेट कापला जातो, आणि खात्यात पैसे नसतील तर दंडासह कापला जातो.

पण पगार कधी होतो, हा प्रश्न या जिल्ह्यात नेहमीच दुय्यम राहिला. मुख्य प्रश्न असा की गुरुजी रात्री झोपतात कुठे?

ऑगस्ट २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी तो थेट विधानसभेत नेला. शिक्षक नेमणुकीच्या गावी, म्हणजे मुख्यालयी, राहत नाहीत आणि तरीही घरभाडे भत्ता उचलतात, हा त्यांचा मुद्दा. राज्यभर गदारोळ झाला, शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या, आमदारांना आलेले फोन आणि त्यांनी दिलेली उत्तरे मोबाइलवर फिरली. आरोप हवेतला होता असे कुणी इमानदारीने म्हणणार नाही. सकाळी शहरातून कन्नड, वैजापूर, सिल्लोडच्या दिशेने सुटणाऱ्या गाड्यांत अप-डाउन करणारे किती असतात, हे सिडकोतल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक आहे.

शासनाने या दुखण्यावर त्याआधीच काढलेला उपाय मात्र संग्रही ठेवावा असा. सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने ठरवले की शिक्षक, ग्रामसेवक आणि आरोग्य कर्मचारी गावात राहतात की नाही, याला ग्रामसभेचा ठराव हा पुरावा. म्हणजे गुरुजींच्या अंथरुणाचा विषय गावासमोर. नळयोजना, घरकुलाची यादी, स्मशानभूमीचा रस्ता, आणि मग विषय क्रमांक चार : गुरुजी इथे राहतात काय? सरपंचांचा मुलगा तिसरीत असेल आणि त्याला हातचा घेता येत नसेल, तर चर्चा रंगणारच.

भत्त्याचे गणितही पाहण्यासारखे आहे. सातव्या वेतन आयोगात घरभाडे सुरू झाले ते मोठ्या शहराला मूळ वेतनाच्या २४ टक्के, त्याखालच्या शहराला १६ आणि उरलेल्या सगळ्यांना ८ टक्के या दराने. महागाई भत्ता वाढेल तसे हे आकडे वाढायचे. गावात राहा म्हणून शासन सर्वांत कमी दर देते. समजा, अजिंठ्याच्या डोंगरात एका वस्तीवरच्या शाळेत एक बाई आहेत. मूळ वेतन चाळीस हजार. ८ टक्क्यांनी त्यांना ३,२०० रुपये मिळाले. वस्तीवर घरे वीस, त्यातली भाड्याने द्यायची शून्य. बाईंनी ते ३,२०० रुपये कुणाला द्यायचे, हे शासन निर्णयात नाही. शिक्षकांसाठी निवासस्थाने बांधावीत, ही सूचनाही नवी नाही. पण निवासस्थान बांधायला निधी लागतो आणि ठराव मागायला फक्त परिपत्रक. कुठलाही शहाणा प्रशासक काय निवडेल, हे सांगायला नको.

घरभाड्यावरून ज्यांची चौकशी होते, ते तसे सुखी. निदान त्यांना पगार आहे. विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांची गोष्ट याच शहरात एकदा मंत्रिमंडळाच्या दारापर्यंत गेली होती. २००१ मध्ये शासनाने नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण घेतले. २००९ मध्ये त्यातला 'कायम' काढला. शब्द गेला, परिस्थिती राहिली. २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के अनुदान देऊ केले गेले. २० टक्के अनुदान म्हणजे २० टक्के पगार. फळा मात्र पूर्ण पुसायचा, पेपर सगळे तपासायचे आणि निवडणुकीच्या कामावर अख्खे हजर राहायचे.

आता दोन तारखा शेजारी ठेवाव्यात. ऑगस्ट २०१६ मध्ये विधिमंडळाने आमदारांच्या पगारवाढीचे विधेयक चर्चेविना मंजूर केले. वेतन दुपटीहून जास्त झाले, माजी आमदारांचे निवृत्तिवेतन ४० हजारांवरून ५० हजारांवर गेले. त्रुटीची पूर्तता, पडताळणी, ग्रामसभा, काही लागले नाही. ४ ऑक्टोबर २०१६ रोजी मंत्रिमंडळाची बैठक औरंगाबादेत होती, शहराचे नाव तेव्हा तेच होते. विनाअनुदानित शिक्षक मोर्चा घेऊन आले. त्यांच्यावर लाठीमार झाला. वर्गात छडी वापरायला शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना बंदी आहे. शिक्षकांवर वापरायला तशी कुठे दिसत नाही.

पुढचा टप्पा तर कॅलेंडर हातात घेऊनच वाचावा. अंशतः अनुदानित शाळांना आणखी २० टक्के देण्याचा शासन निर्णय निघाला १४ ऑक्टोबर २०२४ ला. विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली १५ ऑक्टोबरला. शासन वक्तशीर नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. निर्णयासोबत पैशाची तरतूद होईल, असे शिक्षकांना वाटले होते, आणि तिथेच ते चुकले. जुलै २०२५ मध्ये त्यांना मुंबईत आझाद मैदानावर पावसात बसावे लागले, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, विरोधी पक्षांचे मोठे नेते भेटून गेले, मग सरकारकडून आश्वासन आले. आपल्याच काढलेल्या निर्णयाची अंमलबजावणी करू, हे ते आश्वासन.

शालार्थ आयडीचा किस्सा नागपूरचा आहे, पण तो ऐकून मराठवाड्यातल्या गुरुजींना जी असूया वाटली ती नोंदवायला हवी. हा आयडी मिळाल्याशिवाय शिक्षकाचा पगार निघत नाही. रीतसर नेमणूक झालेले कितीतरी जण तो मिळावा म्हणून शिक्षण उपसंचालक कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतात. फाइल जाते, त्रुटी निघते, फाइल परत येते. २०२५ मध्ये नागपुरात उघड झाले की नेमणुकीतच खोट असलेल्या लोकांना बोगस आयडी मिळाले होते आणि त्यांचे पगार शासनाच्या तिजोरीतून निघत होते. शिक्षण उपसंचालकांना अटक झाली, विशेष तपास पथक नेमले गेले. धडा स्पष्ट होता. खऱ्या माणसाच्या कागदात त्रुटी राहते, कारण खरा माणूस कागद पाहून जन्माला येत नाही. खोट्या माणसाची फाइल मात्र निर्दोष असते.

प्रामाणिकपणे वाढ मिळवायची तर बारा वर्षांनी वरिष्ठ आणि चोवीस वर्षांनी निवड वेतनश्रेणी आहे. त्यासाठी प्रशिक्षण सक्तीचे, आणि २०२२ च्या ऑनलाइन प्रशिक्षणाला प्रत्येकी २,००० रुपये शुल्क होते. स्वतःचीच वाढ विकत घ्यायची सोय. सातव्या आयोगाची थकबाकी पाच वर्षांत पाच हप्त्यांनी द्यायचे ठरले होते. दुसराच हप्ता करोनात वर्षभर पुढे गेला. इतके हप्ते पाहिलेल्या शिक्षकाला फ्रीजवाल्याच्या ईएमआयची भीती वाटत नाही.

निवृत्तिवेतनाचा घोळ त्याहून बारीक विणीचा. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यातले कर्मचारी आणि शिक्षक आठवडाभर संपावर गेले, त्यानंतर सुधारित योजना आली. पण काही शिक्षक त्या तारखेच्या आधीच लागलेले आहेत. त्यांची शाळा मात्र शंभर टक्के अनुदानावर नंतर आली. माणूस २००५ पूर्वीचा, अनुदान नंतरचे. तेव्हा पेन्शनच्या हिशेबात माणूसही नंतरचा. फळ्यावर असे गणित एखाद्या मुलाने सोडवले असते तर त्याला पुन्हा पहिल्या पायरीपासून करायला लावले असते. इथे ती न्यायालयांची पायरी आहे, आणि ती चढता चढता पुष्कळांचे निवृत्तीचे वय झाले.

शिक्षकांचा पगार चुकवण्यात आपण एकटेच हुशार आहोत, असा गैरसमज नको. न्यूझीलंडने ऑगस्ट २०१२ मध्ये शाळांच्या पगारासाठी नोव्होपे नावाची नवी प्रणाली आणली. कुणाला कमी मिळाले, कुणाला जास्त, कुणाला काहीच नाही. ओरड इतकी झाली की जानेवारी २०१३ मध्ये ती प्रणाली सांभाळायची जबाबदारी स्टीव्हन जॉइस या मंत्र्यावर सोपवावी लागली. एका सॉफ्टवेअरसाठी एक मंत्री! शालार्थसाठी आपल्याकडे असे करायला हरकत नाही. इच्छुकांची तर कमतरता नाहीच. अडचण एवढीच की त्या मंत्र्याला बंगला द्यावा लागेल, आणि बंगल्यात तो राहतो की नाही याचा ठराव कोणती ग्रामसभा करणार?

यावर शिक्षकांच्या चहाच्या टपरीवरून आलेला एक प्रस्ताव विचारात घेण्यासारखा आहे. मुख्यालयी राहण्याची अट फाइललाही लावावी. वैद्यकीय बिल, पुरवणी बिल, भविष्य निर्वाह निधीतला परतावा, यातले प्रत्येक प्रकरण ज्या टेबलावर पोहोचले त्या टेबलावर ते रात्री मुक्कामी होते की कपाटात, याचा दाखला दर महिन्याच्या २५ तारखेपर्यंत शाळांना मिळावा. दाखला न मिळाल्यास त्या टेबलाचा घरभाडे भत्ता रोखावा. प्रस्ताव तीन प्रतींत, पृष्ठ क्रमांकांसह आणि साक्षांकित करून सादर झाला आहे. पहिल्या प्रतीवर 'त्रुटी' असा शेरा पडून तो परत आला : सोबत ग्रामसभेचा ठराव जोडलेला नाही.