मॉरिशसच्या परवानाधिकाऱ्यांस एका नगरकराचे अनावृत पत्र

मुक्काम नगर (हल्ली अहिल्यानगर), सीना नदीकाठ.

मॉरिशस द्वीपाच्या दीर्घ-वास्तव्य परवाना खात्याचे मेहेरबान मुख्य अधिकारी यांचे सेवेसी, सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

हिंदी महासागराच्या निळ्या विस्तारात, नारळीपोफळींच्या छायेत आणि उसाच्या मळ्यांच्या हिरवाईत वसलेल्या आपल्या द्वीपावर दीर्घकाळ राहू इच्छिणाऱ्या परकीयांसाठी आपल्या सरकारने जे उदार नियम केले आहेत, त्यांची वार्ता आमच्या या अवर्षणप्रवण जिल्ह्यातही, जेथे मृग कोरडा गेला की माणसे एकमेकांशी बोलण्याऐवजी आभाळाशी बोलू लागतात, यथाकाल येऊन पोहोचली आहे. 2020 साली महासाथीने पर्यटकांची आवक थांबली तेव्हा आपण एक वर्षाचा, वाढवून मिळणारा आणि शुल्करहित असा ‘प्रीमियम व्हिसा’ काढलात, व त्यासाठी अर्जदाराचे उत्पन्न महिना 1500 डॉलर असावे एवढीच माफक अपेक्षा ठेवलीत. पन्नाशी उलटलेल्या निवृत्त गृहस्थांना दहा वर्षांच्या वास्तव्याची सोय केलीत. आणि ज्यांना घरच विकत घ्यावयाचे आहे, त्यांच्यासाठी किमान किमतीची मर्यादा 5 लाख डॉलरवरून 3 लाख 75 हजारांवर उतरवून आपल्या अंतःकरणाचे मोठेपण सव्वा लाख डॉलरांनी सिद्ध केलेत. मी स्वतः पन्नाशी केव्हाच ओलांडली असल्याने एका अटीपुरता तरी पूर्ण पात्र आहे. उरलेल्या अटींविषयी माझ्या निवृत्तिवेतनाच्या पुस्तिकेने मौन पाळणेच पसंत केले आहे.

परंतु आपल्या नियमांतील ज्या कलमाने मी विशेष थक्क झालो ते निराळेच आहे. व्हिसाधारकाने आपल्या चरितार्थाचे द्रव्य द्वीपाबाहेरून आणावे, आणि द्वीपावरच्या रोजगाराच्या बाजारात पाऊल टाकू नये, असे आपण म्हणता. याचा सरळ अर्थ असा की, जो मनुष्य आपल्या भूमीवर काडीचेही काम करणार नाही अशी हमी देईल, त्याचे आपण किनाऱ्यावर येऊन स्वागत करता. महाराज, आपल्या दफ्तराचा शिरस्ता पूर्वी अगदी याच्या उलट होता. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाच्या जहाजातून छत्तीस हिंदी मजूर आपल्या बंदरात उतरले, आणि त्यानंतरच्या शतकाच्या आत सुमारे पाच लाख माणसे त्याच वाटेने आली. ज्या धक्क्यावर ती उतरली, त्या आप्रवासी घाटाला 2006 साली जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांना वास्तव्याचा परवाना मिळाला तो पाच वर्षांच्या कराराचा, म्हणजे गिरमिटाचा. त्यांनी सोबत डॉलर आणले नव्हते, दोन हात आणले होते, आणि त्या हातांचे मोल प्रारंभी महिना 5 रुपये व शिधा असे ठरले होते. मुंबई बंदरातून निघालेल्यांत रत्नागिरीकडची व घाटावरची आमची मराठी माणसे पुष्कळ होती. आज आपल्या द्वीपावर गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते, तिचे मूळ त्याच गलबतांच्या तळघरात सापडावे.

गिरमिटाची मुदत संपवून जे मागे राहिले, त्यांच्या वास्तव्याचाही बंदोबस्त आपल्या पूर्वाधिकाऱ्यांनी मोठ्या दक्षतेने केला होता. 1867 च्या कायद्याने अशा जुन्या मजुराला स्वतःचे छायाचित्र लावलेला दाखला बाळगावा लागे, आणि तो जवळ नसताना रस्त्यात सापडला तर भटक्या ठरवून त्याला कोठडीत नेत. अर्जासोबत छायाचित्र जोडण्याची जी प्रथा हल्लीचे अर्जदार आधुनिकतेचे लक्षण समजतात, तिचा मान वास्तविक त्या माणसांचा आहे. मळ्यावर एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याचा नियमही होता. विश्रांतीला इतकी किंमत जेथे एके काळी द्यावी लागे, तेथे आज केवळ विश्रांतीसाठी येणाऱ्यास दहा वर्षांची सनद मिळते, हा कालमहिमा मान्य करून मी पुढच्या विषयाकडे वळतो.

तो विषय म्हणजे माझ्या जिल्ह्यातील काही अर्जदारांची शिफारस. आमच्या प्रवरेकाठी, लोणी येथे, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950 च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि तेव्हापासून ऊस या पिकाविषयी आम्हीही आपल्याइतक्याच अधिकाराने बोलू शकतो. ऊस पाटाच्या कडेला होतो; तोडणारा मात्र पाथर्डी, शेवगाव, जामखेड अशा कोरड्या टापूंतून येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यावी, बैलगाडीत भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरे भरावीत, कारखान्याच्या हद्दीत उसाच्या पाचटाची कोपी उभारावी, पहाटेच्या अंधारात फडात उतरावे आणि पाडव्याच्या आसपास, उचल फिटली असल्यास मोकळ्या मनाने व न फिटल्यास पुढच्या सालाचा शब्द देऊन, गावी परतावे, असा हा सहा महिन्यांचा वास्तव्य-परवाना आहे. यात एक दिवस कामावर न गेल्यास जो दंड कापला जातो त्याला ‘खाडा’ म्हणतात. आणि तो बहुधा त्या दिवसाच्या कमाईहून अधिक असतो, हे वाचून आपल्या जुन्या दफ्तरातील एखाद्या कारकुनाचे डोळे पाणावतील. मजकूर अर्जदार 1834 च्या सर्व अटींना आजही तंतोतंत उतरतात. 2020 च्या एकाही अटीला उतरत नाहीत, एवढाच त्यांचा दोष.

आपण विचाराल, आणि विचारणे न्याय्यच आहे, की परकीयांना राहू देण्याच्या बाबतीत खुद्द नगरचा इतिहास काय सांगतो. सांगतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या मलिक अहमदने सीनेकाठी हे शहर वसवले, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षे येथे जो आला त्याला त्याच्या उत्पन्नाचा पुरावा कोणी मागितला नाही. इराणातून पळून आलेला शाह ताहिर हा पंडित येथे राहिला आणि त्याने बुऱ्हाण निजामशहाचा पंथच बदलून टाकला; ज्याच्या आश्रयाला राहावे त्याचाच धर्मविचार फिरवावा, एवढे स्वातंत्र्य आपल्या कोणत्याही परवान्यात असेल असे वाटत नाही. गोव्याचा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच बुऱ्हाणाच्या नाडीवर बोट ठेवायला येत असे. रूमी खान या तुर्काने 1549 साली येथे ‘मलिक-ए-मैदान’ तोफ ओतली. ती पुढे विजापूरला गेली, आणि नगरकरांनी त्याबद्दल निर्यातशुल्क घेतल्याचे कोठे वाचनात नाही. आणि हबसाणातून बाजारोबाजार विकला जात अखेर निजामशाहीच्या एका मंत्र्याने खरीदलेला मलिक अंबर! 1600 साली नगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेल्यावर बुडालेली निजामशाही ज्याने पंचवीस वर्षांहून अधिक काळ पाठीवर वाहिली, ज्याच्या जमाबंदीची पद्धत दख्खनच्या पाटील-कुलकर्ण्यांना माहीत होती, त्या मनुष्याने आपल्या खात्याकडे अर्ज केला असता तर ‘सध्याचे मासिक उत्पन्न’ या रकान्यात त्याने काय लिहिले असते? गुलामाला उत्पन्न नसते. तो स्वतःच कोणाच्या तरी मालमत्तेच्या यादीत असतो.

नंतर इंग्रज आले. त्यांना आमच्या परवान्याची गरज नव्हती, परंतु त्यांच्यामागून आलेल्या अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार बाईंनी येथे मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाई फुले यांना अध्यापनाचे शिक्षण दिले, आणि 1862 साली येथेच देह ठेवला. अशा वास्तव्याला कोणते सदर लावावे, हे आपणच ठरवावे.

दीर्घ वास्तव्याची सर्वांत स्वस्त योजना मात्र इंग्रज सरकारनेच नगरात राबवली. निवास, भोजन आणि चोवीस तासांचा पहारा विनामूल्य. अर्जाची आवश्यकता नाही. मुदत वाढवून घेण्यासाठी हेलपाटे नाहीत. बोअर युद्धातील कैदी येथे होते, पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिकांची मोठी छावणी होती, आणि ऑगस्ट 1942 ते मार्च 1945 या काळात पंडित नेहरूंना किल्ल्यात असा अवकाश मिळाला की तेथे त्यांनी भारताचा शोध घेणारा ग्रंथच लिहून काढला. आपल्या द्वीपावर लेखकांसाठी निवांत जागा असल्याची जाहिरात केली जाते. आमचा पुरावा अधिक भक्कम आहे.

अलीकडची हकीकत अरणगावची. पहिल्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या ओसाड इमारतींत 1923 साली मेहेरबाबा येऊन उतरले आणि पुढे ती जागा मेहेराबाद झाली. बाबांनी 10 जुलै 1925 रोजी मौन धरले ते 31 जानेवारी 1969 ला देह ठेवीपर्यंत सोडले नाही. तेथील त्यांच्या समाधीपाशी बसण्यासाठी अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया येथून माणसे येतात, कित्येक वर्षानुवर्षे राहण्याची इच्छा धरतात, आणि दर अमरतिथीला, म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीला, दुपारी बाराच्या ठोक्याला हजारोंचा समुदाय पंधरा मिनिटे निःशब्द होतो. येथे मला आमच्या बाजूचीही कबुली दिली पाहिजे. मलिक अंबराला न विचारलेले प्रश्न आम्ही आता या परकीयांना विचारतो: 180 दिवसांहून अधिक मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करावी, जिल्ह्यात पोलीस अधीक्षक हेच विदेशी नोंदणी अधिकारी, आणि ज्याच्या घरी वा धर्मशाळेत परकीय उतरेल त्याने चोवीस तासांत त्याची खबर द्यावी. नियम आवश्यक असतील. परंतु ‘वास्तव्याचा हेतू’ या रकान्यात ‘गप्प बसणे’ असे लिहिणारा एखादा म्हातारा समोर आला, तर शिक्का कोणता उमटवावा, हे नोंदणीच्या कारकुनाला कोणत्या परिपत्रकात सापडणार? आपल्याकडे त्या रकान्याचे उत्तर सोपे आहे: पैसा खर्च करणे. गिरमिटाच्या काळीही सोपे होते: ऊस तोडणे. अडचण येते ती जो काहीच विकायला किंवा विकत घ्यायला आलेला नाही, त्याच्या बाबतीत.

तेव्हा माझी विनंती इतकीच की, मोका येथे महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली गिरमिटियांची जुनी दफ्तरे आपण एकदा मागवून घ्यावीत, आणि त्या लाखो माणसांनी किमान मजुरीवर केलेल्या कामाची रक्कम, व्याजासह, डॉलरांत काढावी. ती रक्कम कोणत्याही निवृत्त गृहस्थाच्या ठेवीपेक्षा मोठी भरेल असा माझा कयास आहे. आणि तसे झाल्यास मुंबई बंदरातून निघालेल्यांच्या हिश्शातून पाथर्डीच्या काही अर्जदारांची अनामत वळती करून घेता येईल की नाही, याचा उलट टपाली खुलासा व्हावा.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त नगरकर

ता. क. – एक तांत्रिक शंका राहिली. आमच्याकडे ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. उचलही दोघांची एकच, आणि ती घेताना अंगठा बहुधा नवऱ्याचा. तरी आपल्या खात्याने अशा जोडप्याकडून अर्ज एक घ्यावयाचा की दोन, आणि एकच घ्यावयाचा झाल्यास त्यावर छायाचित्र कोणाचे, हे आगाऊ कळवावे, म्हणजे मुकादमाला तसे सांगता येईल.