बोट दाखवा, नाली साफ!

पावशा ओरडला की पाऊस जवळ आला, हे खेड्यात. जबलपुरात, आमच्या नेपियर टाउनात, बोट दिसलं की पाऊस जवळ आला.

मे संपत आला की शहराच्या बातम्यांच्या पानावर, आणि हल्ली पानाच्याही आधी फोनवर, ते बोट उगवतं. फोटोत रस्त्याच्या कडेला मान्यवर उभे असतात. त्यांच्यातल्या एकाच्या खांद्यातून एक हात निघतो आणि हाताच्या टोकाचं बोट खाली कुठेतरी रोखलेलं असतं. फोटोखाली ओळ असते: ‘नाली सफाई का निरीक्षण करते हुए’. नाली फोटोत नसते. ती चौकटीच्या बाहेर, बोटापासून हातभर पुढे आहे, यावर वाचकाने श्रद्धा ठेवायची.

या बोटाचा मी बारकाईने अभ्यास केला आहे. मान्यवर बदलतात, पक्ष बदलतात, जाकिटांचे रंग बदलतात; बोट तेच. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं, कोपर ताठ, नख स्वच्छ. नखाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण ज्या हातांनी नाली साफ होते त्या हातांची नखं अशी नसतात. फोटोत आठ माणसं, सोळा डोळे, आणि त्यांतला एकही नालीकडे नाही. सगळे कॅमेऱ्याकडे. नालीकडे रोखलेलं असतं ते फक्त बोट, आणि बोटाला दिसत नाही.

बोटांचे प्रकार आहेत. पाहणीचं बोट पंचेचाळीस अंशांत खाली. भूमिपूजनाचं आडवं, मोकळ्या हवेकडे; तिथे पुढे पूल होणार असतो. पथदिव्याचं बोट वर; ते भर दुपारी दाखवतात, कारण रात्री फोटो नीट येत नाही, दिवा बंद असतो. आणि सर्वांत श्रेष्ठ ते पुराचं बोट. गमबूट घालून गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि पाण्याकडे बोट दाखवायचं. चहूबाजूंनी पाणीच पाणी असताना ते कुणाला दाखवायचं असतं कळत नाही, पण दाखवल्याशिवाय पाणी शिरल्याची नोंद होत नसावी. ज्यांच्या घरात ते शिरलेलं असतं ते मागे पलंगावर पाय वर घेऊन बसलेले असतात, फोटोत अर्धे कापलेले.

बोटाचे मानपानही आहेत. जागेवर सर्वांत मोठं पद ज्याचं, बोट त्याचं. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाने हनुवटीने दाखवायचं, तिसऱ्याने मान डोलवायची, इंजिनीअराने फाइल छातीशी धरायची. दोन बोटं दोन दिशांना दिसली तर नाल्या दोन आहेत असं समजू नये. गट दोन आहेत. ठेकेदार मात्र कधीच बोट दाखवत नाही. तो मागे हात बांधून उभा असतो. नाली किती खोल आहे आणि तिच्यात अजून किती गाळ आहे, हे ठाऊक असलेला तिथे तो एकटाच, म्हणून तो गप्प. आणि ज्याने ती खरोखर उपसली तो फोटोत नाहीच. त्याला फावड्यासकट बाजूला व्हायला सांगितलेलं असतं, कारण तो मध्ये येत होता.

हे सगळं नियमात कुठे बसतं, ते शोधायला मी राज्यघटनेपर्यंत गेलो. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली आणि शहर चालवणाऱ्यांसाठी १८ विषय लिहून दिले. मी ते सगळे वाचले. रस्ते आणि पूल आहेत. पाणीपुरवठा, सफाई, घनकचरा आहे. अग्निशमन आहे, स्मशानं आहेत, कत्तलखाने आहेत, कोंडवाडे आहेत, जन्ममृत्यूची नोंद आहे. बोट दाखवणं नाही. जे काम बारा महिने चोवीस तास चालू आहे त्याचाच उल्लेख नाही, ही त्रुटी गंभीर आहे. एकोणिसावा विषय म्हणून ते तातडीने घातलं पाहिजे, म्हणजे त्याला स्वतंत्र तरतूद मिळेल. मग सल्लागार नेमता येईल. सल्लागार वर्षभर अभ्यास करून शहरातली बोटं तीन अंशांनी चुकीच्या कोनात आहेत असा जाडजूड अहवाल देईल. मग निविदा निघेल: ‘वॉर्डनिहाय अंगुलिनिर्देश, मनुष्यबळ व वाहनासह’. सर्वांत कमी दराचा ठेका ज्याला मिळेल तो तर्जनीच्या जागी करंगळी पुरवेल, आणि त्यावर चौकशी समिती बसेल. समिती जागेवर जाऊन करंगळीकडे बोट दाखवील. प्रत्येक बोटाचे अक्षांश-रेखांश फोटोवर उमटतील. पावसाळ्यासाठी आपत्कालीन कक्षात तीन पाळ्यांत बोटं बसतील. कंत्राटी बोटांचे पगार थकतील, ती संपावर जातील आणि मुठी वळतील. शेवटी यावर कायमचा उपाय म्हणून रसेल चौकात ब्राँझचं एक भव्य बोट उभारलं जाईल. ते ऊनपावसात अखंड खाली रोखलेलं राहील, म्हणजे मान्यवरांना बाहेर पडण्याचा त्रास नको. त्याच्या लोकार्पणाचा फोटो दुसऱ्या दिवशी छापून येईल. त्यात सगळे मान्यवर त्या बोटाकडे बोट दाखवत असतील.

हसू नका. निम्मं झालेलंच आहे. आमच्या ओळीतल्या एका काकांनी घरासमोरची नाली तुंबल्याची तक्रार नोंदवली. दुसऱ्याच दिवशी निराकरण झाल्याचा संदेश आला, सोबत पुरावा म्हणून फोटो. फोटोत काय होतं ते सांगायला नको. काकांनी फोन लावला.

‘भैया, नाली तो वैसी की वैसी पड़ी है.’

‘काकाजी, निरीक्षण हो गया न.’

‘निरीक्षण हो गया, लेकिन नाली?’

‘हओ, तो नाली काई तो निरीक्षण हुआ है.’

काका गणिताचे मास्तर होते. पण या उत्तरात चूक कुठे आहे ते त्यांनाही पकडता आलं नाही. तक्रार बंद, नाली बंद, दोन्ही बाजूंनी समानता आली.

आणि मान्यवरांनाच का बोल लावायचा? साथ आमच्यातही पसरली आहे. भंवरतालच्या बागेत सकाळी फेऱ्या मारणारे आमचेच लोक आता वाटेतल्या खड्ड्याशी थांबतात, एकजण वाकतो, बोट रोखतो, दुसरा फोटो काढतो. तो मोहल्ल्याच्या ग्रुपवर पडतो. खाली जोडलेल्या हातांची रांग लागते, ‘जागरूक नागरिक’ म्हणून दोन फुलं पडतात, कुणीतरी ‘क्या बात है बड्डे’ म्हणतो, आणि खड्ड्याचं समाधान होऊन तो आणखी खोल जातो. काही जण शेजाऱ्याच्या दारातल्या कचऱ्याकडेही बोट दाखवतात. तेवढ्यासाठी हातातली कचऱ्याची पिशवी क्षणभर खाली ठेवावी लागते. मग ती तिथेच राहते.

आता थट्टा पुरे. बोट जिकडे कधीच वळत नाही ती जागा मी सांगतो. ती म्हणजे रस्त्याची उंची. नेपियर टाउनातल्या जुन्या बंगल्यांत फाटकातून आत जाताना पायऱ्या चढाव्या लागत. आता काही ठिकाणी उतरावं लागतं. बंगला खचलेला नाही, रस्ता वाढला आहे. जुना थर आधी खरवडून काढायचा आणि मग नवा घालायचा, हा रस्तेबांधणीतला पहिल्या इयत्तेचा धडा. पण खरवडायला यंत्र लागतं, वेळ लागतो, पैसे लागतात, आणि खरवडलेल्या रस्त्याचा फोटो वाईट येतो. म्हणून जुन्यावर नवा. चाळीस-पन्नास मिलिमीटरचा थर, म्हणजे जाडीला दोन-तीन बोटं. प्रत्येक थराला रस्ता तेवढा वर आणि घर तिथेच. चार-पाच थरांत वीतभर. डांबरी रस्त्याला मधून कडेकडे दोन-अडीच टक्के उतार देतात तो पाणी नालीत जावं म्हणून. नालीचं तोंडच थराखाली गाडलं गेलं तर त्या पाण्याने जायचं कुठे? ते उतार धरून फाटकातून आत येतं, ओसरी ओलांडतं, स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याला टेकतं. घरातल्या बाईने रात्री दोनला उठून उंबऱ्याशी पोती लावायची, सासूबाईंना पलंगावर चढवायचं, गाद्या माळ्यावर टाकायच्या, आणि सकाळी कुणीतरी गमबूट घालून येऊन तिला तिच्याच घरातलं पाणी बोटाने दाखवायचं! तिला दिसत नव्हतं का? कुणी बोलावलं होतं दाखवायला? उतार तपासायला बोट लागत नाही, एक बादली पाणी लागतं. ओता आणि पाहा कुठे जातं ते. इंजिनीअराकडे तर तिपाईवर उभं राहणारं लेव्हलचं यंत्र असतं. काम सुरू करण्याआधी रस्त्याची उंची आणि फाटकांची उंची कागदावर उतरवून घ्यायला किती वेळ लागतो? पण ते होत नाही. यंत्राला डोळा लावायचा तर बोट खाली घ्यावं लागतं, आणि चेहरा झाकला जातो.

तीच कथा गाळाची. उपसलेला गाळ नालीच्या काठावरच ढीग करून ठेवतात, वाळायला म्हणे. जूनमधली पहिली सर येते आणि तो आपल्या जागी परत जातो. पुढच्या मेमध्ये तोच गाळ नव्या बिलावर बाहेर येतो. इतकी वर्षं विनाखंड सेवा केलेल्या या गाळाला खरं तर आता निवृत्तिवेतन लागू व्हायला हवं.

या शहरात बावन्न तळी होती, हे जबलपुरातलं लहान पोरही सांगतं. राणीताल राणीचा, चेरीताल तिच्या दासीचा, आधारताल तिच्या दिवाणाचा, अशी गोंड राज्याच्या काळची कथा आहे. वर्षाला सव्वाशे सेंटिमीटरांहून जास्त पडणारा पाऊस कुठेतरी थांबायला हवा, एवढं त्या माणसांना कळत होतं. त्यांनी माती काढली, बांध घातला, तळं भरलं की नाव दिलं, तेही एका दासीचं. आज त्या बाईचं नाव कोनशिलेवर यायचं तर तिला आधी पक्षात जावं लागेल. भंवरतालात आता बाग आहे, राणीतालात स्टेडियम, मढातालात बाजार. पाऊस मात्र बुजवता आलेला नाही. त्याचा भार शहराच्या पोटातून जाणाऱ्या ओमती नाल्याने सोसायचा, आणि नाला कमी पडला की एका बोटाने.

ज्या घटनादुरुस्तीत मला बोट सापडलं नाही तिच्यातच कलम २४३ एस आहे. तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्या असाव्यात, असं ते सांगतं. जबलपूर २०११ च्या जनगणनेतच दहा लाखांच्या पुढे गेलेलं आहे. नालीशेजारी राहणाऱ्याला नालीबद्दल बोलायची हक्काची जागा घराजवळ असावी, एवढी सोय कायद्याने करून ठेवली आहे. अशा समितीची बैठक कधी, कुठे, विषय काय आणि मागच्या बैठकीत ठरलं त्याचं झालं काय, ही बातमी मी फोटोशिवाय वाचायला तयार आहे. पण ती येत नाही. बैठकीत टेबलाभोवती बसावं लागतं, आणि टेबलाकडे बोट दाखवून फोटो चांगला येत नाही.

तेव्हा छायाचित्रकार, उपसंपादक आणि मोहल्ल्यांचे ग्रुपचालक, सर्वांना हात जोडून विनंती. यंदा असा फोटो हाती आला की कात्री घ्या. बोट कापा, नाली छापा. फोटोतलं बोट म्हणतोय मी, गैरसमज नको. खाली मान्यवरांची नावं देता त्या जागेत एवढंच द्या: किती लांब नाली उपसली, किती खोल उपसली, गाळ किती ट्रक निघाला, आणि तो कोणत्या तारखेला उचलून कुठे टाकला. आणि वाचकहो, यातला एकही आकडा ज्या फोटोखाली नाही, तो पुढे पाठवू नका.