तात्यांची लांबची गाडी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत कुणी मोटरसायकल घ्यायचं मनात आणलं, की शोरूमच्या आधी तात्यांच्या ओट्यावर हजेरी लावायची, असा शिरस्ता आहे. तात्या चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "जाणार कुठवर?"

"अलकापुरी. ऑफिसला."

हे तात्यांना ऐकूच येत नाही. "समज, उद्या लेहला निघालास. टांडीच्या पंपावरची पाटी ठाऊक आहे ना? पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर! दहा लिटरची टाकी, साठचं ॲव्हरेज. झाले सहाशे. झोपून जा!" ऑफिसला झोपून कसं जायचं, हे पोरगं विचारत नाही. आम्हीही कधी विचारलं नाही.

तात्यांचा धर्म एका सिलिंडरचा. एक पिस्टन, एक प्लग, एक कार्बोरेटर, बिघडणार काय? "दोन सिलिंडर म्हणजे दोन जावई. एकाचं मन राखावं तर दुसरा रुसतो." बुलेटही एकाच सिलिंडरची, हे कुणी काढलं की हात जोडतात. "राजस्थानात पालीजवळ ओम बन्नांच्या देवळात बुलेटची पूजा होते. आपणही लांबूनच करावी." १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ सक्तीचं झालं आणि बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. त्या दिवशी हे जेवले नाहीत, असं काकू सांगतात. "कार्बोरेटर रस्त्याकडेला उघडून फुंकर मारता येते हो," तात्या अजून हळहळतात. "इंजेक्शनला कुठं फुंकणार?"

स्वतःसाठी त्यांना हवी आहे नर्मदा परिक्रमेची गाडी. स्वस्त, भरवशाची, आणि कुठल्याही खेड्यात जिची क्लच वायर मिळेल अशी. शोध बरीच वर्षं चालू आहे. हिरोच्या गाड्या आपल्या हालोललाच बनतात, तर फाटकाबाहेर उभं राहून कामगारांनाच विचारावं म्हणून एकदा तिथवर जाऊन आले. सेव-उसळवाला रोज विचारतो, "केम तात्या, लीधी?" तात्या पाव मोडत म्हणतात, "जोईए छीए, भाई."

हा सगळा शोध ज्या गाडीवर बसून चालतो, ती हिरो होंडाची सीडी १००. ९७ सीसी, एकच सिलिंडर. चालू क्लच वायरला लागूनच दुसरी वायर ओवून ठेवलेली, तिची टोकं ग्रीस लावून प्लास्टिकच्या पिशवीत रबरबँडनं बांधलेली. शर्टाच्या खिशात वर्तमानपत्रात गुंडाळलेला जादा प्लग. काकू धुवायच्या आधी खिसे चाचपतात ते त्याच्यासाठी. दर दत्तजयंतीला तात्या तिच्यावरून गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीला जातात. काकू मागे, मांडीवर प्रसादाची पिशवी. वाटेत कधी थांबावं लागलं तर ते चहासाठी. "पण ही गावातली गाडी हो," तात्या म्हणतात. "लांब जायला वेगळी लागते."

गेल्या साली शेजारच्या पोरानं कंटाळून, तात्यांचा निकाल यायच्या आतच, जुनी स्प्लेंडर घेतली आणि परिक्रमा करून आलासुद्धा. तात्यांनी त्याला ओट्यावर बसवलं, पाना मागवला, प्लग काढून उजेडात धरला. बिस्किटी रंग, काजळी नाही. बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला.

"वाचलास," तात्या म्हणाले. "आता शोरूममध्ये प्लॅटिनाचं ॲव्हरेज विचारून ये. आणि त्यांना सांगू नकोस माझ्यासाठी म्हणून."