अनवाणी बूट

अनवाणी चालल्याचं सुख देणारे खास बूट निघाले आहेत आणि ते साध्या बुटांपेक्षा महाग आहेत, हे कळल्यापासून माझं मन प्रसन्न आहे. तळ नावापुरता, टाच मुळीच उचललेली नाही, आणि पुढचा भाग इतका ऐसपैस की पाचही बोटांनी मांडी घालून बसावं. परदेशात डोंगरदऱ्यांतून शिकारीला जाणारे हौशी लोक ते घालतात. पायाखालची काटकी मोडायच्या आतच तळव्याला कळते, पाऊल अलगद बाजूला घेता येतं आणि हरणाचे कान टवकारत नाहीत. तळ जितका कमी तितकी किंमत जास्त. हा हिशेब मी याआधी फक्त निसर्गोपचार केंद्रातल्या जेवणात पाहिला होता.

आमच्या नागपुरात शिकारीचं नाव काढायची सोय नाही. १९७२च्या कायद्यानं तो विषय संपवला, ते बरंच झालं. पण जुने शिकारी पायांच्या बाबतीत मोठे चोखंदळ असत. जिम कॉर्बेट नरभक्षकाच्या मागावर पातळ रबरी तळाचे बूट घालून निघे. त्याच्याहून चोखंदळ खुद्द वाघ. तळव्याला गादी, नखं म्यानात, आणि मागचं पाऊल बहुधा पुढच्याच ठशावर. एकदा पारखलेली जागा पुन्हा कशाला पारखा? तरी चैत्रात सागाची वाळकी पानं अशी पापडासारखी वाजतात की तोही बिचारा पायवाटेचा फुफाटा धरतो.

सैन्याच्या बुटांना ही काळजी नसते, त्यांना वाजायचंच असतं. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड चढताना मला म्हणून बूटच आठवतात. १५ डिसेंबर १८०३ला नागपूरकर भोसल्यांचा हा किल्ला आर्थर वेलस्लीनं घेतला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड गेलं. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याच्या नावानं जो उंच बूट निघाला, त्याचा रबरी वंशज म्हणजे आपला गमबूट. वऱ्हाड देऊन आपण गमबूट घेतला, असं इतिहासाच्या पुस्तकात कुणी लिहीत नाही. लिहायला हरकत नाही.

ते अनवाणी बूट शेवटी मीही घेतले आणि देवलापारच्या बाजूला जंगलाच्या कडेनं हिंडलो. खरंच, तळव्यांना कान फुटतात. खडा, मूळ, रात्रीची ओल, सगळं वेगवेगळं ऐकू येतं. मोहाखाली एक आजी बसली होती. टोपली फुलांनी अर्धी भरलेली, शेजारी रबरी स्लिपर, टाचेखाली झिजून आरपार उजेड दिसणारी. बाभळीच्याच काट्यानं ती टाचेतला काटा काढत होती. माझ्या पायांकडे तिची नजर गेली. वाकून तिनं बुटाचा तळ अंगठ्यानं दाबून पाहिला आणि कळवळून म्हणाली, "पुरेच झिजले की जी, बाबू. नवे काहून नाही घेत?"

नवेच आहेत, हे सांगायला जीभ रेटेना. किंमत तर दूरच राहिली. मी नुसती मान हलवली, तर तिनं ओंजळभर मोहफुलं माझ्या रुमालात ओतली. ज्याला पायताण परवडत नाही त्याला निदान एवढं तरी, असा सरळ हिशेब तिच्या चेहऱ्यावर होता.

तुम्हीही हे बूट जरूर घ्या. फक्त सायकलचा टायर फाडणारा बाभळीचा काटा तळाची किंमत विचारत नाही, तेव्हा खिशात एक चिमटा असू द्या.