आखूड धाग्याचं रामेन

अमरावतीत आता जपान आणि कोरिया एकाच शटरच्या आत मिळतात. बोर्डावर डावीकडे चेरीची गुलाबी फुलं, उजवीकडे कोरियन मालिकेतून सुटून आल्यासारखा एक गोरागोमटा पोरगा, आणि खाली सगळ्यांत मोठ्या अक्षरांत 'प्युअर व्हेज'. मासळीवर वाढलेल्या दोन देशांना वऱ्हाडात शिरताना माळ घालावी लागली, ती अशी.

आमची कन्या कोरियन मालिका बघून वाढलेली. तिथं जेवायचा तिचा हट्ट मी टाळत आलो होतो. पण अकोल्याहून मामाजी, म्हणजे माझे सासरे, आले आणि नातीनं आबाजींचा गालगुच्चा घेऊन होकार मिळवला. मामाजींची नोकरी जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात गेली. बाहेर जेवतात ते लग्नाकार्यातच, आणि तिथंही पाटावर बसण्याआधी आचारी कोणत्या गावचा ते विचारून घेतात.

आता माझं लग्न हाच एक अमरावती-अकोला प्रयोग आहे. तोच कापूस, तीच तूर, तेच मे महिन्यातलं ऊन. मग फरक काय, असं परका माणूस विचारतो. त्यानं हे दोन्हीपैकी कुठल्याही गावात चौकात उभं राहून विचारावं. अमरावती विभागीय आयुक्तालय दाखवते, अकोला कृषी विद्यापीठ दाखवतं. 2025 च्या एप्रिलपासून आमच्या बेलोऱ्याला मुंबईचं विमान उतरायला लागलं, तेव्हापासून मामाजींसमोर आभाळाकडे बघायची सोय राहिलेली नाही. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी 1943 सालची आहे, हे ते लगेच सुनावतात. तिच्यावर विमान का येत नाही, हा प्रश्न जावयानं विचारायचा नसतो.

म्हणून तो बोर्ड पाहून मला वाटलं, मालक एक तर फार धाडसी असावा किंवा त्याला सासुरवाडी नसावी. कारण जपान आणि कोरिया म्हणजे समुद्रापलीकडचे अमरावती-अकोलाच. 1910 ते 1945 जपाननं कोरियावर राज्य केलं, ते दुखणं वेगळं आणि खरं. पण भांडण ताटापर्यंत पोचलंय. जपानी कंपन्या कोबी नीट न आंबवताच किमची म्हणून विकायला लागल्या, तेव्हा कोरिया इतका खवळला की प्रकरण अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सकडे गेलं. 2001 साली निकाल लागला : आंबवलेली तीच किमची. युनेस्को मात्र जुनी, मुरलेली वरमाय. तिनं 2013 साली एकाच बैठकीत जपानी जेवणाची परंपराही यादीत घेतली आणि कोरियाची किमची घालायची परंपराही. एकाला लुगडं, दुसऱ्याला नाही, असं होऊ दिलं नाही.

आम्ही बसलो. पहिल्यांदा आला किमची-सुशीचा रोल. जपानी सुशीच्या भाताला शिरका लावतात, कोरियन किंबापच्या भाताला तिळाचं तेल. इथं दोन्ही लावलं होतं, वरून पनीर आणि मेयोनीज.

"हे भवताल काळं काय होय?" मामाजी.

"आबाजी, समुद्रातलं शेवाळ."

"शेवाळ? आमी त थे टाकीतून घासून फेकतो बाप्पा!"

तरी त्यांनी एक तुकडा उचलला, सरळ हातानं, आणि अख्खा तोंडात टाकला. सौभाग्यवती शरमून इकडंतिकडं पाहू लागली. मुलीनं फोनवर शोधून जाहीर केलं, की जपानात सुशी हातानं खाणं अगदी रीतीला धरून आहे. टेबलावर काड्यांशी झटापट करणारे आम्ही तिघं अडाणी ठरलो.

काड्याही दोन जातींच्या होत्या. जपानी लाकडाच्या, टोकदार. कोरियन स्टीलच्या, चपट्या. पुढचा पेच वाडग्याचा. जपानात वाडगा हातात उचलून खाणं हे वळण, कोरियात तो टेबलावरून उचलणं हे वळण नसल्याचं लक्षण. दोन्ही देशांचा मान राखायचा म्हणून मी माझा वाडगा टेबलापासून चार बोटं वर धरून जेवलो. मनगट अजून दुखतं.

मध्यंतरी रामेनची वाट पाहण्यात बराच वेळ गेला. 2022 च्या जूनमध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबर टाकून गिनीज विक्रम झाला होता. मामाजी त्याच रस्त्यानं आलेले. घड्याळ बघून म्हणाले, "एवढ्या टायमात अर्धा किलोमीटर रस्ता झाला असता." मी मनात भागाकार केला. माणूस बरोबर होता.

रामेन आलं तसं मामाजींनी दोन बोटांनी एक नूडल उचललं, दोन्ही हातांच्या चिमटीत धरलं आणि कापसाचा पेळू तपासावा तसं हलकेच ताणून तोडलं. "धागा आखूड हाय. जपानी मालच होय."

ही गंमत नव्हती, हिशेब होता. लँकेशायरच्या गिरण्या आपल्या आखूड धाग्याला नाक मुरडायच्या; तो जपानी गिरण्यांनी आवडीनं घेतला. 1893 साली जमशेटजी टाटांच्या खटपटीनं जपानच्या निप्पॉन युसेन कंपनीची मुंबई-कोबे बोट सुरू झाली ती याच कापसाच्या गाठींसाठी. आणि वऱ्हाडच्या कापसाला बाजारात नाव होतं 'ऊमरा', अमरावतीवरून पडलेलं. मामाजींचा खरा घाव इथं आहे.

"पिकवाचा आमी, गाठी बांधाच्या आमी, अन् नाव तुमचं! कोरियावाल्याचं दुखनं मले पुरं समजते जवाईबापू."

मग त्यांनी ठरल्याप्रमाणे आचाऱ्याला बोलावलं. आता कोणी बारीक डोळ्यांचा पाहुणा येईल म्हणून मुलगी केस सारखे करून बसली. आला तो आमच्याच वळणाचा, काळासावळा, खांद्यावर पंचा टाकलेला तरुण. पुण्याकडं कोरियन साहेबांच्या मेसमध्ये चार पैसे आणि ही विद्या कमावून परतलेला.

"गाव कोन्तं बापू तुवं?"

"मूर्तिजापूर, काकाजी."

मामाजींचा चेहरा असा उजळला की वेटरला वाटलं लाइट परत आली. "मूर्तिजापूर! म्हंजे जिल्हा अकोला!"

"पन काकाजी, आमी बजाराले अमरावतीलेच…"

"बजाराचं राहू दे. सातबारा कोन्त्या जिल्ह्यात निंगते थे सांग."

पोरगं गप्प झालं. मामाजींनी वाडग्यातला रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि फर्मावलं की मिरची जरा कमी आहे, बाकी हात अकोल्याचा आहे. बिल आलं. मी खिशात हात घातला, तर त्यांनी माझं दुखरं मनगट धरलं.

"आमच्या पोट्ट्याच्या हातचं खाल्लं, अन् पैसे अमरावतीवाल्यानं द्याचे?"

बिलाचा आकडा माझ्या नजरेला पडला होता. मूर्तिजापूर हे अकोला जिल्ह्याचं नाक आहे, असं मी तिथल्या तिथं, साक्षीदारांसमोर मान्य केलं.