झरमॅट, आणि तेही नाताळात?

"काकू, खरं का हो? काका सकाळी म्हणत होते, लेकीकडे झुरिकला चाललाय आणि तिथून पुढे स्कीइंगला!"

"स्कीइंगला कसलं गं! ह्यांना बाथरूममधून बाहेर येताना भिंत धरावी लागते. स्की करणार जावई आणि नातू. आम्ही बघणार. झरमॅटला जायचं म्हणतायत, नाताळात."

"नाताळात? बुकिंग झालं?"

"अजून नाही. तोंड का वाकडं केलंस?"

"अहो, नाताळ ते एक जानेवारी हा तिथला सगळ्यांत महागडा आठवडा. बरीच हॉटेलं तर त्या दिवसांत अख्ख्या आठवड्याखेरीज खोलीच देत नाहीत. दिवस बघावा तर एवढासा, डोंगराआड सूर्य गेला की पाचच्या सुमारास अंधारायला लागतं. पैसे भराल उजेडाचे आणि बसाल दिवे बघत. जानेवारीच्या मधल्या आठवड्यांत बघा, गर्दी ओसरते, भावही उतरतात."

"जानेवारीत नातवाची शाळा. बुडवू देतात होय तिथे? लेक म्हणते, उगाच रजा घेतली तर शाळेकडून दंड होतो."

हे मात्र खरं होतं. मला काकूंचा नातू एकदम मोठा झाल्यासारखा वाटला.

"मग फेब्रुवारी. झुरिकच्या शाळांना फेब्रुवारीत दोन आठवडे सुट्टी असते, बर्फात खेळायला म्हणूनच. भाव तेव्हाही चढेच असतात, खोटं कशाला बोलू. पण तोवर बर्फ साठलेला असतो आणि दिवस दीड-दोन तासांनी मोठा. नाताळात बर्फ असेलच याचा भरवसा आता राहिलेला नाही. 2023 सालच्या नववर्षाला आल्प्समधल्या कितीतरी खालच्या गावांत डोंगर हिरवे होते आणि मधून मशिनने पाडलेल्या बर्फाची पांढरी पट्टी. लिफ्ट बंद ठेवाव्या लागल्या. 2022 आणि 2023 या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांतला दहावा हिस्सा बर्फ वितळला."

"म्हणून तर जावई झरमॅट म्हणतो. उंचावर आहे म्हणे."

"जावईबापू हुशार आहेत. कळसूबाई 1,646 मीटर, बरोबर? झरमॅटचं रेल्वे स्टेशन 1,600 च्या वर. म्हणजे आपण धापा टाकत ज्या उंचीवर पोचून नारळ फोडतो, तिथे त्यांची बाजारपेठ सुरू होते. स्कीचे उतार त्याच्याही वर. हिमनदीवर तर उन्हाळ्यातसुद्धा स्की चालतं."

"गाडीने नेतो म्हणाला थेट."

"थेट नाही जाता येत! गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी. अलीकडे टेश नावाचं गाव आहे, तिथे गाडी ठेवायची आणि बारा मिनिटांची आगगाडी पकडायची. गावात विजेवरच्या छोट्या टॅक्सी, डब्यासारख्या चौकोनी. त्यापेक्षा झुरिकहूनच रेल्वेने जा. फिस्पला गाडी बदलायची, साडेतीन तासांच्या आत पोचता. पाहुण्यांसाठी महिन्याभराचं हाफ फेअर कार्ड मिळतं, ते तुम्ही दोघं घ्याच. निम्म्या तिकिटात सगळीकडे फिराल, अगदी गोर्नरग्राटलाही."

"ते काय?"

"तुमची जागा! दातेरी रुळावरून चढणारी गाडी आहे, 1898 पासून विजेवर चालते. अर्ध्या तासात 3,089 मीटरवर. बाकीचे लोक स्की खांद्यावर घेऊन चढतात आणि तुम्ही पर्स घेऊन. वर उन्हात बसायचं, समोर मॅटरहॉर्न. नातू चॉकलेट खातो ना, ते तिकोनी खोक्यातलं? त्यावर पूर्वी तोच डोंगर असायचा. काही उत्पादन स्लोव्हाकियात न्यायचं ठरल्यावर 2023 मध्ये कंपनीला तो काढावा लागला. देशाबाहेर बनवलं तर देशाची खूण मिरवायची नाही, असा कायदाच आहे तिथे."

"बरं आहे की! आपल्याकडे असता तर अर्ध्या पैठण्यांची लेबलं उतरली असती."

काकूंचं हे असं असतं. मी हसू आवरून मुद्द्यावर आले.

"गोर्नरग्राटहून वर, 3,883 मीटरवरही केबल कारने जाता येतं. पण काकांचं बीपी आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि काकू, जावई उत्साहात सगळ्यांचे स्कीपास काढतील, त्यांना अडवा. एका माणसाला एका दिवसाचे शंभर फ्रँकच्या आसपास जातात. स्की न करणाऱ्याला साधं जाण्या-येण्याचं तिकीट मिळतं."

"शंभर फ्रँक म्हणजे... अगं, दहा हजारांच्या वर!"

"म्हणून म्हणते. लेक शिकणार का?"

"जावई म्हणतो, मीच शिकवीन."

"अजिबात नको! नवऱ्याकडून स्कूटर शिकताना काय झालं होतं, आठवतंय ना? कॉलनीभर ऐकू येत होतं. स्कीच्या शाळेत नाव घालायला सांगा. सुनेगा म्हणून ठिकाण आहे, डोंगराच्या पोटातून जाणारी रेल्वे गावातून वर नेते. तिथे नवशिक्यांसाठी वेगळी जागा आहे, सरकत्या पट्ट्यावर नुसतं उभं राहायचं, तो वर नेऊन सोडतो. पहिले दोन दिवस तेच बरं. उतारांना रंग असतात, निळा सोपा, लाल मधला, काळा कठीण. पण झरमॅटचा निळाही काही ठिकाणी नवख्या माणसाला घाम फोडतो. बूट, स्की, हेल्मेट भाड्याने घ्यायचं. ते बूट घालून चालणं हीच पहिली परीक्षा, घोटा वाकतच नाही."

"आणि मी नुसती बसू? मला काहीतरी करायचंय गं."

"घसरगाडी! गोर्नरग्राटच्या रेल्वेवरच्या रोटेनबोडेनपासून रिफेलबेर्गपर्यंत लाकडी घसरगाडीवर बसून यायचं, टाचा रोवून ब्रेक लावायचा. खाली पोचलात की पुन्हा त्याच रेल्वेने वर."

काकूंनी पदर खोचला. आत्ताच निघतात की काय असं वाटलं.

"पातळ मात्र नाही हं. सुती काहीच नको अंगात, घाम धरून ठेवतं आणि मग हुडहुडी भरते. आत थर्मल, मधे लोकर, वर वारा अडवणारं जाकीट. आणि सनस्क्रीन. हसू नका, बर्फावरून ऊन परत तोंडावर येतं, हनुवटीखालीसुद्धा त्वचा भाजते."

"जेवणाचं काय? ह्यांना अंडंदेखील चालत नाही."

"किचनवालं अपार्टमेंट घ्या, स्टेशनासमोरच सुपरमार्केट आहे. बाहेर खायचं तर रोश्टी, किसलेला बटाटा तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस. फॉन्ड्यूत मात्र चीज वितळवताना पांढरी वाइन घालतात, आणि बऱ्याच स्विस चीजला वासराच्या पोटातलं विरजण लागतं."

"हे ह्यांना सांगू नकोस. सगळी सहल वरणभातावर जाईल."

"आणि पेढे, तूप काही भरू नका बॅगेत. आपल्याकडून दुधाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. चिवडा न्या."

"चौथ्या बंगल्यातल्या म्हणत होत्या, एवढे दिवस एका गावात काय करणार? त्या बारा दिवसांत सात देश बघून आल्या."

"त्यांनी टिटलिस डोंगरावर शाहरुख-काजोलच्या कटआउटपाशी फोटो काढला, बर्फाचा गोळा फेकला आणि बस सुटेल म्हणून खाली पळाल्या. माझ्यापाशीच तक्रार करत होत्या की चहा पिऊन झाला नाही. डोंगर ढगात गेला तर तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा बघू शकता, त्यांना ती सोय नव्हती. वारा सुटला की वरच्या लिफ्ट बंद पडतात. त्या दिवशी काकांना म्युझियममध्ये न्या. 1865 मध्ये सातजण मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा चढले, उतरताना दोर तुटून चौघे गेले. तो तुटलेला दोर तिथे ठेवलाय."

"अगं बाई! हे मात्र तासभर हलणार नाहीत."

"परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री झरमॅटला राहू नका, एवढं लक्षात ठेवा. 2018 च्या जानेवारीत इतका बर्फ पडला की रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद, तेरा हजार पर्यटक गावात अडकले. हेलिकॉप्टरने माणसं हलवावी लागली. विम्याचंही तसंच. शेंगेन व्हिसाला तीस हजार युरोचं कवच लागतं, ते सगळेच काढतात. पण साध्या पॉलिसीत बऱ्याचदा स्कीइंग धरलेलं नसतं. घसरगाडी धरली आहे का, तेही विचारा. डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणलं तर बिल आपल्या अंगावर."

"व्हिसाला कधी धावायचं?"

"सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. फेब्रुवारीचं ठरलं तर दिवाळी उरकली की लगेच, भेटीची वेळ मिळायलाच दिवस लागतात. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू हवा. तुमचा आहे ना?"

"माझा आहे. लेकीच्या बाळंतपणाला गेले होते, त्यानंतर नवा केला. ह्यांचा..." काकू क्षणभर थांबल्या आणि घराकडे वळून ओरडल्या, "अहो, तुमचा पासपोर्ट कुठाय?"

आतून उत्तर आलं, "कुठला? तो रेशनकार्डासोबत होता तो?"